शेजारच्या तळघरातली बेगमी

शुभे,

तुझा व्हॉइस मेसेज येऊन तीन आठवडे झाले आणि मी नुसतं एक बदाम टाकून गप्प बसले, सॉरी. पण आता जे सांगायचंय ते दोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगात मावणारं नाही म्हणून टाइपच करत बसलेय. चहा घेऊन वाच.

आमच्या शेजारच्या आजी, ज्यांच्या टोमॅटोंचे फोटो मी तुला दर ऑगस्टात पाठवते, त्या घर विकून लेकीकडे फ्लोरिडाला चालल्यात. ८१ वय, गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही. मग गेल्या शनिवारी त्यांचं तळघर आवरायला मी गेले. म्हटलं दोन तासांचं काम, संध्याकाळ झाली.

तर त्या तळघरात एका कोपऱ्यात सिमेंटच्या ब्लॉकची एक खोली आहे, आपल्याकडच्या देवघराहून जरा मोठी, छतही जाडजूड, आणि गंमत म्हणजे दार सरळ नाही, आडोशाच्या भिंतीला वळसा घालून आत जायचं. मला वाटलं कोळसा ठेवायची जागा असेल. आजी वरून जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेल्या, तिथूनच ओरडल्या, ते आमच्या बाबांचं शेल्टर! अणुबॉम्बचं! किरणं सरळ रेषेत येतात, वळत नाहीत, म्हणून तो वळसा. १९६१ च्या जुलैत बर्लिनवरून रशियाशी तापलं तेव्हा अध्यक्ष केनेडींनी टीव्हीवर सांगितलं की घरोघरी आडोशाची सोय करा, आणि यांच्या बाबांनी सरकारी पुस्तिका बघून शनिवार-रविवारी स्वतः ब्लॉक रचले. दोन आठवडे कुटुंबाने आत काढायचे, असा हिशेब. आत काय होतं सांगू? ख्रिसमसची झुंबरं, फुटकी स्लेज आणि मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या. आईने पहिल्याच वर्षी खोली ताब्यात घेतली म्हणे, एवढी थंड आणि कोरडी जागा वाया कशाला घालवायची.

तिथेच एका बटणांच्या डब्यात मला ती पट्टी सापडली. बोटाएवढी, पत्र्याची, साखळीत ओवलेली, वर ठोकून उमटवलेलं नाव, जन्मतारीख, ब्रुकलिनचा पत्ता. मी म्हटलं कुत्र्याची का? आजी हसल्या. त्यांची स्वतःची होती. न्यूयॉर्कच्या शाळांनी १९५२ च्या सुमारास पोरांना अशा पट्ट्या वाटल्या होत्या, सैनिकांच्या गळ्यात असतात तशा, आणि त्या आठ वर्षांच्या होत्या. आईने सांगितलेलं की हरवलीस तर पोलीस पत्ता वाचून घरी सोडतील. खरं कारण त्यांना कितीतरी वर्षांनी कळलं, की बॉम्ब पडल्यावर कोण कोणाचं पोर हे ओळखायला. पट्टीची एक कड चेपलेली आहे, बारीक बारीक खड्डे. वर्गात बसल्या बसल्या चावायच्या. शुभे, मी ती हातात धरून उभी राहिले आणि मला काही बोलताच येईना.

मग काय, चार दिवस याच विषयाने झपाटलेय. तुला माहितीये ना माझं, एकदा डोक्यात बसलं की बसलं.

बघ ना, काळ कुठला? महायुद्ध जिंकलेलं, बाकी जग पडझडीत आणि अमेरिकेकडे पैसाच पैसा. आमच्या हिक्सव्हिलला लागूनच लेव्हिटटाउन नावाची वसाहत आहे. तिथे बटाट्याची शेतं होती, १९४७ ला सुरुवात करून १९५१ पर्यंत १७ हजारांवर घरं उभी केली, सगळी एका साच्यातली, गणपतीच्या कारखान्यासारखी, परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर कर्ज. १९५० च्या मॉडेलात तर टीव्ही घरातच बसवून मिळायचा. तो बिल्डर लेव्हिट म्हणायचा की ज्याचं स्वतःचं घर आणि अंगण आहे तो कम्युनिस्ट होऊच शकत नाही, त्याला घरचंच काम पुरतं. (आमचे हे अंगणातली पानं गोळा करताना बघितले की पटतं.) पण सुरुवातीच्या करारात लिहिलेलं होतं, गोऱ्यांशिवाय कुणी तिथे राहायचं नाही, घरकाम करणारी माणसं सोडून. म्हणजे तू मी भांडी घासायला चाललो असतो. तशीही तेव्हा आख्ख्या भारतातून वर्षाला १०० माणसांचा कोटा होता, आपली माणसं खऱ्या अर्थाने आली ती १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर. आज त्याच भागात डोशाच्या दुकानासमोर पार्किंग मिळत नाही!

आणि एवढ्या सुखात भीती केवढी. १९४९ ला रशियाने बॉम्ब फोडला, १९५७ ला स्पुटनिक गेला डोक्यावरून. शाळेत एक कार्टूनचं कासव शिकवायचं, झगमगाट दिसला की बाकाखाली वाक आणि डोकं झाक. हे मला माहीत होतं, तुलाही असेल. मला माहीत नव्हतं ते हे, की भीतीचा बराचसा भाग उचलून बायकांच्या कामांच्या यादीत टाकून दिला होता. सरकारची मोहीमच होती, आज्जीची कोठी भरलेली असायची तशी तुमची ठेवा, सात दिवसांचे डबे आणि पाणी. आपण ज्याला बेगमी म्हणतो तेच गं, फक्त आपण ती पावसाळ्यासाठी करायचो. १९५४ ला तर एक फिल्म काढली, नेवाडाच्या वाळवंटात छोटी छोटी तीन घरं, दोन गबाळी, मधलं स्वच्छ आणि पांढऱ्या रंगाने रंगवलेलं, अणुबॉम्ब फोडल्यावर मधलं तेवढं राहिलं. अर्थ काय, तर पसारा आवरा, भिंती रंगवा, वाचाल. फिल्म काढण्यात रंगवाल्यांच्या संघटनेचा हात होता हे सांगायला नकोच. माझ्या सासूबाईंना ही फिल्म दाखवू नका कुणी, एवढीच विनंती.

१९५९ चा तो अमेरिकेचा उपाध्यक्ष निक्सन आणि रशियाचा नेता ख्रुश्चेव्ह यांचा किस्सा तर तुझ्या वर्गातली पोरंही वाचत असतील. मॉस्कोच्या सोकोल्निकी पार्कात अमेरिकेचं प्रदर्शन, तिथे १४ हजार डॉलरचं घर मधोमध चिरून उभं केलेलं, लोकांना आतून चालत जाता यावं म्हणून, आणि त्याचा नमुना घेतलेला आमच्या इथून अर्ध्या तासावरच्या कॉमॅकमधल्या घराचा! स्वयंपाकघरात कठड्याला रेलून दोघं भांडतायत. निक्सन म्हणतोय ही यंत्रं आमच्या गृहिणींचं काम हलकं करतात, ख्रुश्चेव्ह म्हणतोय बायकांकडे बघायची ही तुमची भांडवलशाही नजर, आणि मग विचारतोय की घास तोंडात घालून खाली ढकलायचं यंत्र आहे का तुमच्याकडे? मला हसूच आलं. दोघांपैकी एकाने तरी आयुष्यात भाकरी थापली असेल असं वाटत नाही.

पण बायका नुसत्या डबे रचत बसल्या नाहीत हं. बॉम्बच्या चाचण्यांमधलं स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य गवतातून गाईत आणि गाईतून दुधात येतं हे कळल्यावर सेंट लुइसच्या काही बायका आणि शास्त्रज्ञ मिळून १९५८ च्या शेवटी पोरांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला लागले, तपासायला. लाखोंनी दात आले. दात दिला की पोराला बिल्ला मिळायचा, दात विज्ञानाला दिला असं लिहिलेला. आपण दात कौलावर टाकायचो, आठवतं? १९६३ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत करार होऊन अमेरिका, रशिया आणि ब्रिटनच्या हवेतल्या चाचण्या थांबल्या, त्यामागे या दातांचा आणि रस्त्यावर उतरलेल्या आयांचा वाटा नक्की आहे.

आता खरी गोष्ट. मी आजींना विचारलं, ती खोली कधी वापरली का हो? म्हणाल्या एकदा वापरता वापरता राहिली. २२ ऑक्टोबर १९६२, सोमवार, संध्याकाळी केनेडी टीव्हीवर, क्युबात रशियाची क्षेपणास्त्रं आहेत म्हणून. बाबांनी रात्रीच झाडू घेऊन शेल्टर झाडलं. दुसऱ्या दिवशी आईने बाथटब पाण्याने भरून ठेवला आणि मग घरातले सगळे पडदे काढून धुतले. सगळे. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि बाबा खाली चला म्हणाले तर म्हणाली, खाली हवा नाही, पोरांना सर्दी होईल. रविवारी ख्रुश्चेव्ह क्षेपणास्त्रं परत न्यायला कबूल झाला, तेव्हा बाई वाळलेल्या पडद्यांना इस्त्री करत होती.

हे ऐकताना मला तारीख कुठेतरी टोचत होती आणि घरी आल्यावर ट्यूब पेटली. अगं, २० ऑक्टोबर १९६२ ला चीन आपल्यावर चालून आला! तोच आठवडा. म्हणजे इकडे ही बाई पडदे धूत होती आणि पुढच्या चार-पाच आठवड्यांत कऱ्हाडला माझी आजी संरक्षण निधीला पाटली काढून देत होती. तुला तो किस्सा माहितीये, आईने शंभरदा सांगितलाय, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून गावात कोण अभिमान, आजोबा म्हणाले पावती करून एक अंगठी दे, पुरे, आणि आजीने साबण लावून पाटली उतरवली. एकच. दुसरी उतरलीच नाही, हात सुजायचे तिचे. शेवटपर्यंत एका हातात सोनं आणि दुसऱ्यात काचेच्या बांगड्या, आणि मी लहानपणी समजायचे की ती फॅशन आहे.

मी हे शेजारच्या आजींना सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत पाटली समजावताना नाकी नऊ आले. त्यांनी विचारलं, सोनं परत मिळालं का? मी म्हटलं, तुमचा बॉम्ब आला का? दोघी हसलो, मग त्या जरा गप्प झाल्या.

पट्टी आजी आपल्या नातीला देणार आहेत. मला त्यांनी सहा बरण्या दिल्या, जाड काचेच्या, वर पत्र्याचं झाकण आणि रबराची रिंग, एकदम घट्ट. घासून उन्हात ठेवल्यात. तेवढं भाजणीचं प्रमाण पाठव ना, तुझ्या आईचं, थालीपिठाची हं, चकलीची नको. आणि धणे किती ते वाटीत सांग, मूठ-मूठ करू नकोस, मागच्या वेळेला कडू झाली होती.

तुझी,
वैजू

ता.क. घर घेणारं तरुण जोडपं येऊन बघून गेलं. ती ब्लॉकची खोली वाईनसाठी छान आहे म्हणाले.