कात्री माझ्या हातात देणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

आज मी समोर येऊन उभी राहिले तर तुम्ही मला ओळखणार नाही. तुम्ही पाहिलेला चेहरा आता माझ्याकडे उरलेलाच नाही. डोळ्यांखालून थेट मानेपर्यंत सूज, उलटे पडलेले ओठ, नाकातून गळणारं रक्ताळ पाणी आणि गालांना बांधलेल्या बर्फाच्या पिशव्या. वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे कापून नव्या जागी टायटॅनियमच्या प्लेट आणि स्क्रूंनी बसवले होते. वरचे-खालचे दात इलॅस्टिकनी, म्हणजे छोट्या रबरांनी, एकमेकांना आवळलेले. तुम्ही रात्रपाळीला होतात.

ऑपरेशन कसं झालं ते इथे सांगत बसत नाही. ते उत्तम झालं, सर्जनचे आभार त्यांना भेटून मानले. हे पत्र त्यानंतरच्या रात्रीबद्दल आहे.

नाक पूर्ण चोंदलेलं होतं. उलटी झाली तर ती तोंडातच अडकेल आणि आपण गुदमरून मरू, या एकाच विचाराने मी टक्क जागी होते. उशाशी एक छोटी कात्री चिकटपट्टीने लावून ठेवलेली दिसत होती. ‘इमर्जन्सीसाठी आहे, हात लावायचा नाही,’ एवढंच मला सांगितलेलं. इमर्जन्सी आली की ती कोण वापरणार, आणि ते माणूस तेव्हा कुठे असेल, हे कोणीच सांगितलं नव्हतं. तुमच्या आधी दोघं येऊन गेले. एकाने मॉनिटरकडे बोट दाखवलं, ‘ऑक्सिजन व्यवस्थित आहे, उगाच घाबरताय.’ दुसऱ्या बाई मी पाटीवर लिहीत असतानाच माझं वाक्य स्वतः पुरं करून, त्याला उत्तर देऊन निघूनही गेल्या. मला विचारायचं होतं ते वेगळंच होतं.

तुम्ही स्टूल ओढून बसलात. माझं लिहून होईपर्यंत पाटीकडे पाहिलंही नाहीत. मग वाचलंत, ‘थांब हं’ म्हणून बाहेर गेलात, डॉक्टरांना विचारून परत आलात आणि ती कात्री सोडवून माझ्या हातात दिलीत. एका हाताने आरसा धरलात, दुसऱ्या हाताने माझं बोट धरून इलॅस्टिकवर टेकवलंत. ‘हे काप.’ मी पाहतच राहिले. ‘अगं काप, नवीन लावते मी.’ मी कापलं. बारीकसा टक् आवाज आला आणि त्या बाजूचा ताण सुटला. तुम्ही चिमट्याने नवं इलॅस्टिक अडकवलंत. ‘दात मिटलेत, ओठ नाही. पातळ काही आलं तर पुढे वाक, फटींतून बाहेर येईल. त्यातूनही वाटलंच, तर कसं सोडवायचं ते आता तुला येतं. कात्री तुझ्या उजव्या हाताला ठेवतेय.’ त्या रात्री मला झोप लागली. ती कात्री नंतर एकदाही लागली नाही.

खालचा जबडा तोंडाच्या आतून, उभा दुभागून सरकवायची पद्धत ओबवेगेझर या सर्जनने १९५० च्या दशकात मांडली, असं मी नंतर वाचलं. तेव्हापासून या शस्त्रक्रियेत किती सुधारणा झाल्या! आता आधी संगणकावर सगळी आखणी होते, मिलिमीटरच्या हिशोबाने हाड सरकतं. आणि एवढ्या प्रगतीनंतरही पेशंटच्या भीतीवरचं ठरलेलं उत्तर ‘उगाच घाबरताय’ हेच. मला आधी दाखवलेल्या फोटोंत ‘आधी’ होतं आणि ‘नंतर’ होतं. मधल्या महिन्यांचा एकही फोटो नव्हता.

तो मधला काळच खरा कठीण गेला. सूज तिसऱ्या दिवसापर्यंत वाढतच जाते, बरीचशी काही आठवड्यांत उतरते आणि शेवटची थोडी कित्येक महिने रेंगाळते. खालच्या जबड्यातून जाणारी नस दुखावल्यामुळे ओठ आणि हनुवटी बधीर, सिरिंजने भरलेलं सूप हनुवटीवरून ओघळलं तरी कळत नाही. हे निदान कागदावर छापून दिलेलं होतं. आरशात अनोळखी बाई दिसेल आणि कारण नसताना रडू कोसळत राहील, हे छापलेलं नव्हतं. त्यात भेटायला येणाऱ्यांचं ठरलेलं वाक्य: ‘स्वतःहून करून घेतलंस ना?’ अपघात झाला असता तर कण्हायची मुभा होती. मी सही करून गेले होते, म्हणजे माझी तक्रार करायची सोयच संपली. माझे पुढचे दात एकमेकांना कधी टेकलेच नव्हते, साधा दोरा दाताने तुटत नव्हता, हे त्यांना कुठे माहीत? ज्यांना माहीत होतं, त्या दातांच्या एका डॉक्टरांनीही पूर्वी मला ‘सुंदर दिसायचंय का?’ असं हसत विचारून वाटेला लावलं होतं.

तुम्ही मला आरशापुढे रडताना पाहिलंत तेव्हा ‘छान दिसतेस’ म्हणाला नाहीत. त्याचेही आभार. ‘हा चेहरा तुझा नाही, सुजेचा आहे. त्याच्याबद्दल आत्ताच मत बनवू नकोस,’ म्हणालात आणि ड्रिप बदलून पुढच्या खाटेकडे गेलात. घरी आल्यावर कितीतरी सकाळी मी हे वाक्य स्वतःला ऐकवलं. कधी पटलं, कधी नाही. शेवटी समुपदेशकाकडेही गेले. तिथे तरी कोणी ‘स्वतःहून केलंस ना’ म्हणालं नाही.

कामाचा ताण असतो, माणसं कमी असतात, सगळं मान्य. तो ताण तुम्हालाही होताच की. कात्री दाखवायला तुम्हाला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नसेल. माणुसकी दाखवायला सवड मिळत नाही असं कोणी म्हणालं, की आता मला आतून हसू येतं. हसता येतं, हेही सांगायचंच होतं. डावीकडची हनुवटी अजून थोडी बधीर आहे, मधूनच मुंग्या येतात, ते चांगलं लक्षण आहे म्हणतात. तोंड तीन बोटं उघडतं. आणि दोरा दाताने तुटतो.

वॉर्डच्या प्रमुखांना मी वेगळं पत्र दिलं आहे. त्यात तुमचं नाव लिहिलंय आणि एक विनंती केली आहे: ती कात्री नुसती उशाशी चिकटवू नका, पेशंट शुद्धीवर आला की पहिल्याच संध्याकाळी ती कशी वापरायची ते त्याच्याकडून करवून घ्या. नव्या मुलींना ते तुम्हीच शिकवावं, असंही लिहिलंय. न विचारता तुमच्या अंगावर काम टाकलंय, तेवढं सांभाळून घ्या.

तुमची,
खिडकीजवळच्या खाटेवरची पेशंट