कोनाड्यातला गिलास

ति. आई आणि ति. बाबा यांस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

परवा ताईचा फोन आला. बाबा दोन दिवसांपासून धड जेवत नाहीत, ओसरीवर नुसते बसून असतात, म्हणाली. मी लगेच फोन लावला, तर बाबा एवढंच बोलले, "घरातला गिलास तुनं चवाट्यावर मांडला," आणि फोन आईच्या हातात दिला. आई, तू रडत होतीस, म्हणून मी गप्प राहिलो. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं आहे, तेव्हा हे पत्र तूच त्यांना वाचून दाखव. सावकाश वाच, मधलं काही गाळू नको.

आधी माझी चूक. मी पाळक असलो तरी घरची गोष्ट उपदेशात सांगण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. बाबा इतकी वर्षं मंडळीचे पंच होते, परतवाड्यापासून इकडे यवतमाळपर्यंतचे लोक त्यांना ओळखतात. मी नाव घेतलं नसलं तरी "आमच्या घरी" म्हटल्यावर कोणतं घर ते सगळ्यांना कळणारच. याबद्दल मी तुम्हा दोघांची माफी मागतो. आलो की समोर बसून पुन्हा मागेन.

पण जे बोललो ते खरं आहे, बाबा. आणि तुमच्यापर्यंत सगळं पोचलेलं नाही. उपदेश पस्तीस मिनिटांचा होता. कुणीतरी मोबाईलवर काढला आणि त्यातली चाळीस सेकंदं पुढे पाठवली. त्या तुकड्यात गिलास आहे, विहीर नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

इथल्या तरुण संघातला एक मुलगा, बारावी झालेला, कापूस वेचायला जातो आणि संध्याकाळी मोबाईलवर अमेरिकेतले उपदेशक ऐकतो. त्याच्या मोबाईलवर एक जुना व्हिडिओ आला. २५ मे २०२०, मिनियापोलिस शहर. जॉर्ज फ्लॉइड नावाच्या काळ्या माणसाच्या मानेवर गोरा पोलीस नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा रोवून बसलाय, आणि तो माणूस श्वास घेता येत नाही म्हणून सांगतोय, मेलेल्या आईला हाक मारतोय. मुलानं मला विचारलं, "पाळकसाहेब, थो देश तं ख्रिस्ती लोकायचा हाय ना?"

मला रात्रभर झोप लागली नाही. त्याच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर मला आधी तिकडच्या चर्चची गोष्ट सांगावी लागणार होती, आणि मग आपली.

तिकडची गोष्ट अशी. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या एका चर्चमध्ये काही काळे विश्वासी गुडघे टेकून प्रार्थना करत होते. चर्चच्या माणसांनी त्यातल्या एकाला, ॲबसलम जोन्स यांना, दंडाला धरून उठवलं, कारण ते त्यांच्यासाठी ठेवलेल्या जागेवर नव्हते. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढीच त्यांची विनवणी होती. तीही ऐकली नाही. प्रार्थना संपल्यावर ते सगळे उठून बाहेर पडले. त्यांच्यातल्या रिचर्ड ॲलन यांनी पुढे १८१६ साली काळ्या लोकांची स्वतंत्र मंडळी उभी केली. त्यानंतर दीडशे वर्षांनीही मार्टिन ल्यूथर किंग यांना म्हणावं लागलं की रविवारी सकाळी अकराचा तास हा अमेरिकेतला सगळ्यात विभागलेला तास आहे. किंग स्वतः पाळक होते, पाळकाचे मुलगे होते. उपासनेची वेळ बाहेरून न्याहाळून कुणी काढलेली ती खोडी नव्हती, घरच्या माणसाचं दुखणं होतं.

तेच किंग १९५९ साली भारतात आले होते. केरळात दलित मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख "अमेरिकेतले अस्पृश्य" अशी करून दिली. किंग यांना आधी ते लागलं. मग आपल्या देशातले आपले लोक त्यांच्या डोळ्यांपुढे आले आणि त्यांनी मनाशी कबूल केलं की हो, मी अस्पृश्यच आहे. हे त्यांनी पुढे आपल्या मंडळीसमोर सांगितलं. बाबा, आपल्या महाराष्ट्रानं हा धागा त्याच्याही आधी ओळखला होता. जोतिबा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेतल्या गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली तिकडचे काळे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं. आणि १९७२ साली मुंबईत पोरं एकत्र आली तेव्हा त्यांनी तिकडच्या काळ्या तरुणांच्या संघटनेवरूनच स्वतःला पँथर म्हणवून घेतलं. वर्ण आणि जात एकच नाहीत, हे मला कळतं. कातडीचा रंग लांबून दिसतो. जात विचारावी लागते. आणि आपण विचारतो.

इथवर लोक छान ऐकत होते. अमेरिकेतल्या गोऱ्यांना नावं ठेवायला कुणाचं काही जात नाही. मंडळीत माना डोलत होत्या, आणि तेच मला सहन झालं नाही. म्हणून मी गिलासाकडे आलो.

आई, तुला आठवतो ना? मागच्या दाराशी, गुंड ठेवायच्या ओट्याच्या वरच्या कोनाड्यात, ॲल्युमिनियमचा, एका बाजूनं चेपलेला, नेहमी पालथा. ढोलकीवाले मामा आले की स्वतःच तो घ्यायचे. तू वरून पाणी ओतायचीस. पिऊन झालं की ते स्वतःच विसळायचे आणि पालथा घालून ठेवायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन, उन्हाळ्यात खेळून आलो आणि हाताशी आला म्हणून त्याच गिलासानं पाणी प्यायलो. तू माझ्या हातातून तो हिसकला होतास. मारलं नाहीस, काही बोललीही नाहीस. फक्त गिलास राखेनं घासलास, दोनदा, आणि परत कोनाड्यात ठेवलास. त्या दिवशी मला जात कळली, आणि ती ख्रिस्ती घरात कळली.

मामांचं घराणं आपल्यानंतर विश्वासात आलं, आपल्याहून वेगळ्या जातीतून. नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. बाबा, तुम्ही रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणायचात तेव्हा ढोलकी त्यांचीच असायची. तुमचा आवाज आणि त्यांचा हात, अख्खं चर्च डोलायचं. पण प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, ते सगळ्यांत शेवटी उठायचे. एकच पेला असायचा. त्यांच्या मागून कुणाला त्याच पेल्यानं प्यावं लागू नये, म्हणून. तसं त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. पेला तुमच्या हातात असायचा, बाबा. तुम्ही वाट पाहायचात, आणि ते यायचे.

चाळीस सेकंदं इथं संपतात.

पुढे मी आपल्या आजोबांबद्दल बोललो. गावच्या विहिरीच्या पायरीवर पाय ठेवायची ज्यांना मुभा नव्हती, वरून कुणी ओतेल तेव्हा ओंजळीनं प्यायचे, ते आजोबा. १९५६ च्या दसऱ्याला गावातून बंड्या भरभरून लोक नागपूरला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घ्यायला गेले, तेव्हा "मी जात येशूपाशी टाकून आलो, आता पुन्हा कुठं टाकू," असं ते म्हणाले होते, हे तुम्हीच मला सांगितलंत. मग आपल्या कोनाड्यात तो गिलास कुठून आला? मी तुम्हाला दोष द्यायला विचारत नाही. मलाही तो इतकी वर्षं खटकला नाही. पाळक व्हायला सेमिनरीत चार वर्षं शिकलो, तरी नाही.

आणि एक गोष्ट आपण मंडळीत कधी उघड बोलत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं आपल्याला, दलित ख्रिस्त्यांना, अनुसूचित जातींत धरलं नाही. १९५६ ला शिखांना घेतलं, १९९० ला बौद्धांना. आपण बाहेरच. त्यासाठी मोर्चात मीही चाललोय, पुन्हा चालेन, कारण बाप्तिस्म्यानं पोटाची खळगी भरत नाही आणि गावानं आपल्याला वेगळं वागवणंही सोडलेलं नाही. पण सरकारला आपण सांगतो, जात आमच्या मागून आली हो. आणि सोयरीक आली की घरात म्हणतो, आपल्यात जात नाही, फक्त "मूळ कोनतं" तेवढं पाहून घे. ताईच्या वेळी तो शिक्षक मुलगा याच प्रश्नावर परत गेला. ताईनं कधी तोंडातून शब्द काढला नाही, म्हणून मी लिहितोय.

मग मी योहानाचा चौथा अध्याय उघडला. याकोबाची विहीर, भर दुपार, पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, असं आपण वाचतो. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा एक अर्थ असा लावतात की ते त्यांची भांडी वापरत नसत. हे मी सेमिनरीत ऐकलं होतं, वहीत लिहिलंही होतं, पण त्या रविवारी उपदेश करताना माझ्या अंगावर काटा आला. ती बाई म्हणते, तुमच्याजवळ पोहरा नाही आणि विहीर तर खोल आहे. म्हणजे प्रभूला पाणी प्यायचं होतं ते तिच्याच भांड्यातून. तो मागतो आधी, देण्याचं नंतर बोलतो. आपल्या वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला हा अध्याय कुणी समजावून सांगायला नको, बाबा. आजोबांना तो वाचता येत नव्हता, तरी माझ्याहून जास्त कळला असता.

उपदेश संपल्यावर कुणी हाललं नाही. मागच्या बाकावरची एक म्हातारी पुढे आली, माझा हात धरून उभी राहिली आणि तशीच गेली.

ज्यानं तो तुकडा पाठवला त्याच्यावर माझा राग नाही. मागे एक जळालेल्या चर्चचा फोटो मीच न तपासता मंडळीच्या ग्रुपवर टाकला होता. तो दुसऱ्याच देशातला, कितीतरी वर्षांपूर्वीचा निघाला. लोक घाबरले होते, दोन घरांनी आठवडाभर पोरं शाळेत पाठवली नाहीत. मी भर उपासनेत माफी मागितली. मोबाईल वाईट, असंही मला म्हणवत नाही. मिनियापोलिसच्या पोलिसांनी पहिल्यांदा कळवलं होतं की माणूस प्रकृती बिघडून गेला. रस्त्यावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीनं शेवटपर्यंत मोबाईल धरून ठेवला, म्हणून खरं बाहेर आलं. १९५५ साली एमेट टिल या चौदा वर्षांच्या पोराला मारून नदीत टाकलं, तेव्हा त्याच्या आईनं शवपेटी उघडी ठेवली, माझ्या लेकराचं काय केलंय ते जगाला पाहू दे म्हणून. त्या दोघींनी काही कापलं नाही, काही झाकलं नाही.

आई, बैठकीतल्या येशूच्या तसबिरीबद्दलही तू रागानं विचारलंस, "थे बी काहाडून टाकू का?" नको काढू. तू रोज पदरानं पुसतेस, तुझ्या प्रार्थना तिच्यापुढे झाल्यात. मी मंडळीला इतकंच सांगितलं की ते सोनेरी-तपकिरी केसांचं चित्र १९४० साली शिकागोच्या एका चित्रकारानं काढलं. आपला प्रभू गालीलातला सुतार होता, उन्हातान्हात गावोगाव पायी फिरणारा. तो आपल्या बाबांसारखाच रापलेला असेल, असं म्हटल्यावर पोरं बाबांना ओळखतात म्हणून हसली, प्रेमानं हसली.

मी शनिवारी येतोय. सकाळच्या गाडीनं अमरावती, तिथून परतवाडा, दुपारी दोनपर्यंत घरी. मामा जाऊन तीन वर्षं झाली, पण मामी आहेत. मी आधी त्यांच्याकडे जाईन आणि त्यांच्या माठातलं पाणी पिऊन मगच घरी येईन. बाबा, ऊन उतरल्यावर तुम्हीही माझ्यासोबत पुन्हा एकदा त्यांच्याकडे चाललात तर बरं वाटेल. जोर करत नाही. त्यांची ढोलकी अजून खुंटीला आहे म्हणतात.

आई, तो गिलास घरात असेल तर फेकू नको. मी येईपर्यंत राहू दे.

डोळ्यांचे थेंब दिवसातून चार वेळा, विसरू नका. बाबा जेवले की मला कळव.

तुमचा,
लहाना