आईच्या खोलीतली लाकडी फरशी

मिनियापोलिस,
१५ फेब्रुवारी

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

वहिनीने शोरूममधल्या ओकच्या रुंद पट्ट्यांचे फोटो पाठवले, ते रात्री दोनदा मोठे करून पाहिले. यंदाच्या थंडीत आई सकाळी टाइल्सवर पाय टेकवायला कचरत होती, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हाच मला वाटलं होतं की तिच्या खोलीत वुडन फ्लोअरिंग करावं. तू ठरवलंस, फार बरं वाटलं. "काहून एवढा खर्च करता?" असं ती म्हणणारच, तिकडे लक्ष देऊ नकोस. पण ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे पत्र पूर्ण वाच.

आमच्या हॉलमधलं लाकूड तुला व्हिडिओवर छान दिसतं. रेड ओक नावाचं अमेरिकन लाकूड आहे, पाऊण इंची भरीव पट्ट्या. ऑगस्टच्या दमट हवेत सकाळी माल आला आणि कारागिरांनी त्याच दिवशी ठोकून टाकला. खोके उघडून लाकूड काही दिवस त्याच खोलीत ठेवायला हवं होतं, तिथल्या हवेशी ते जुळायला हवं होतं. हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला ठाऊक नव्हतं. जानेवारीत हीटरने घरातली हवा कोरडी ठणठणीत झाली आणि पट्ट्या आकसल्या. जेवणाच्या टेबलाजवळच्या फटीत देवघरातलं रुपयाचं नाणं उभं राहतं. त्या फटीत भाताची शितं जातात, मी सुईने काढत बसते. जुलैत तीच फट इतकी मिटते की कागदही जात नाही. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीतच फुगतं आणि आकसतं. म्हणून पट्टी जितकी रुंद तितकी फट मोठी. वहिनीला आवडलेल्या त्या रुंद पट्ट्या म्हणूनच मला नको वाटतात.

आता नागपूरचा विचार कर. मे महिन्यात ४५ अंश, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. त्यात आपण वाळ्याच्या ताट्या भिजवून दिवसरात्र कूलर चालवतो, म्हणजे खोलीत ओल. कूलर बंद केला की पुन्हा कोरडं. लगेच मागून मृग, आणि पुढचे तीन-चार महिने सगळं दमट. आमच्याकडे हा बदल वर्षातून एकदा होतो, तुमच्याकडे उन्हाळ्यात रोज होईल. भरीव ओक तिथे टिकायचं नाही.

महाल भागातल्या आपल्या जुन्या घराचं सागवानी दार आठवतं? आजोबांनी बसवलेलं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातलं आंब्याच्या फळ्यांचं कपाट फुगून उघडायचं नाही, पण ते दार ऐन श्रावणातही एका बोटाने लागायचं. ओक सागापेक्षा टणक आहे. टणकपणा मोजायच्या जांका मापावर रेड ओक १२९० आणि साग १०७० च्या आसपास. पण ओलं लाकूड पूर्ण वाळताना साग जेवढा आकसतो, तो आकडा ओकच्या साधारण निम्मा ते दोन तृतीयांश. आईच्या खोलीत कोण जड सामान ओढणार आहे? तिथे टणकपणापेक्षा न हलणं महत्त्वाचं. शिवाय सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. मात्र कडेचा पांढरट भाग घेऊ नकोस, त्याला हा गुण नसतो. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाहच्या लाकूड डेपोतून गेलं. ते आपल्या उशाशी असताना तू अमेरिकेतलं ओक कशाला घेतोस?

तर माझं म्हणणं असं: इंजिनिअर्ड पट्टी घे, वर सागाचा थर. खाली प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, ते वरच्या लाकडाला फार हलू देत नाहीत. वरचा थर ३-४ मिलिमीटर आहे का, ते पट्टीच्या कडेने स्वतः बघून घे. पुढे कधी घासून नवं पॉलिश करायचं झालं तर तेवढी जाडी हवी. दुकानदार लॅमिनेट दाखवेल, स्वस्तही पडेल, पण त्यावर लाकडाचा छापील फोटो असतो, तो घासता येत नाही. पॉलिश मॅट घे. चकचकीतवर आईचा पाय सरकेल.

आईची खोली तळमजल्यावर आहे, याची मला जास्त काळजी वाटते. जमिनीतून ओल वर येते का ते आधी बघ. टाइल्सच्या सांध्यांवर येईल असा दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने चिकटव, तीन दिवस तसाच ठेव. खाली पाण्याचे थेंब दिसले तर अजिबात पुढे जाऊ नकोस, आधी तो बंदोबस्त कर. एकदा पावसाळ्यातही हे करून बघ. काम मात्र दिवाळीनंतर घे. मे महिन्यात बसवलंस तर जुलैत फुगून उचलेल, पावसाळ्यात बसवलंस तर एप्रिलमध्ये फटी पडतील. भिंतीलगत १० मिलिमीटर जागा सोडायला सांग, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकते.

आणि पोछा. कामवाल्या मावशी बादलीभर पाणी ओतून पुसतात, ते त्या खोलीत चालणार नाही. घट्ट पिळलेलं फडकं, बस. हे वहिनीने त्यांना प्रेमाने सांगावं. कूलरही खिडकीबाहेर असू दे, त्याचं पाणी आत ठिबकायला नको.

नवी फरशी दीड-दोन सेंटिमीटर वर येईल. म्हणजे हॉल आणि खोलीच्या मध्ये पायरी होईल, आणि आई रात्री दिवा न लावता उठते. तिथे उतरती पट्टी बसवून घे. दाराखाली किती जागा आहे तेही मोजून कळव, दार खालून रंधावं लागेल का ते त्यावरून कळेल.

पुढच्या रविवारी फोन करते. तोवर प्लास्टिकचा कागद लावून ठेव, आणि काढताना फोटो पाठव.

आईला साष्टांग नमस्कार, मुलांना खूप खूप आशीर्वाद.

तुझी,
ताई नव्हे, अजूनही घरातली धाकटी,
छकुली