गामचॉनला येण्यापूर्वी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर "या वयात आम्हाला डोंगर चढायला कशाला बोलावतेस" असे म्हणून बाबांनी विषय संपवला आणि आईने लगेच माझ्या जेवणाची चौकशी सुरू केली, त्यामुळे मुख्य गोष्ट सांगायची राहूनच गेली. ऑक्टोबरच्या उत्तरार्धातली तुम्हा दोघांची इकडे दक्षिण कोरियात, बुसानला येण्याची तिकिटे मी काढली आहेत. आधी विचारले असते तर "पुढच्या वर्षी बघू" हेच उत्तर आले असते, हे आपल्याला तिघांनाही ठाऊक आहे. बाबा, गुडघ्याचे निमित्त करून मी घाई करते आहे असे कृपया समजू नका. खरे तर माझ्याच मनाला आता धीर निघत नाही. ऑक्टोबरही विचार करूनच निवडला आहे. जूनअखेरीस सुरू होणारा इथला पाऊस आणि त्यानंतरची समुद्री वादळे तोवर सरलेली असतात, थंडी अजून पडलेली नसते आणि आईला एका स्वेटरवर भागवता येते.

चित्रांनी रंगवलेल्या ज्या डोंगरावरच्या वस्तीचे फोटो मी पाठवले होते, त्या बुसानमधल्या गामचॉनला तुम्हाला न्यायचे मी ठरवले आहे, आणि ते कसे न्यायचे हेही ठरवले आहे. १९५०च्या दशकात, कोरियन युद्धाच्या काळात आणि त्यानंतर, निर्वासितांनी आणि एका धर्मपंथाच्या अनुयायांनी मिळेल त्या लाकडाने आणि पत्र्याने ही वस्ती उभी केली. पैसा नव्हता, पण एक रीत त्यांनी पाळली: कोणाच्याही घराने मागच्या घराची दृष्टी अडवायची नाही. म्हणून उतारावर घरांच्या ओळी एकीमागे एक चढत गेल्या आहेत आणि समोरचे सर्वांना दिसते. बाबा, वर्गाचा फोटो काढताना तुम्ही बुटक्या मुलांना पुढे बसवून उंच मुलांना मागे उभे करत होता, अगदी तशी ही वस्ती बसली आहे. पुढे माणसे सोडून जाऊ लागली, घरे ओस पडू लागली, तेव्हा २००९ साली सरकारच्या एका कलाप्रकल्पातून कलाकार आणि रहिवासी यांनी मिळून भिंती रंगवल्या आणि गल्ल्यांतून शिल्पे बसवली. छपरांच्या कडांवर माणसांचे चेहरे असलेले पक्षी बसलेले आहेत, ते आईला विचित्र वाटतील आणि बाबांना आवडतील.

मला सर्वांत जास्त आवडला तो एका भिंतीवरचा मोठा मासा. दुरून तो एकसंध दिसतो, जवळ गेल्यावर मात्र कळते की रंगवलेल्या लहान लहान लाकडी माशांच्या पाट्या जोडून तो केलेला आहे. बाबा, तुम्ही शाळेच्या ओट्यावर उभे राहून गेरूने नकाशा काढत असताना मी रंगाची वाटी धरून उभी राहायची आणि किनारपट्टीची रेघ कोकणापाशी आली की तुम्ही श्वास रोखायचा, ते मला त्या भिंतीपुढे आठवले आणि मी बराच वेळ तिथून हलले नाही. त्या भिंतीपुढे तुम्ही उभे राहावे, एवढाच माझा हट्ट आहे.

आता चालण्याचे. तोसंग मेट्रो स्थानकाबाहेरून वर जाणारी छोटी बस आहे, पण ती चढाच्या वळणांवर जोरात झुकते आणि बसायला जागा मिळेलच असे नाही, म्हणून आपण टॅक्सीनेच वर जाऊ. खर्चाचा हिशेब आईने मला विचारायचा नाही. टॅक्सी वरच्या प्रवेशापाशी सोडते आणि तिथून मुख्य रस्ता डोंगराच्या कडेकडेने जातो. तुमच्या चालीने, मध्ये मध्ये थांबत, मी तो चालून पाहिला आहे. कठड्यावर पाठमोरे बसलेले, त्या फ्रेंच गोष्टीतले छोटा राजपुत्र आणि कोल्हा यांचे शिल्प याच वाटेवर आहे. तिथे फोटोसाठी लांब रांग असते, तेव्हा रांगेत मी उभी राहीन आणि तुम्ही दोघे बाजूला बसायचे. खालच्या गल्ल्यांकडे उतरणाऱ्या १४८ पायऱ्यांच्या जिन्याकडे मात्र कोणीही वळायचे नाही. ओझे घेऊन तो जिना चढणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तारे चमकत असत, असे इथले लोक सांगतात. बाबा, तुम्ही "उतरून तर पाहू" म्हणाल हे मी आधीच गृहीत धरले आहे आणि माझे उत्तर नाही असे आहे.

लोकांच्या दारांतून असे फिरणे बरे दिसते का, असे आईने विचारले होते. हा प्रश्न मला पर्यटकांच्या सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा शहाणा वाटला. सोलमधल्या इह्वा नावाच्या अशाच चित्रांच्या वस्तीत, गोंगाटाला कंटाळलेल्या काही रहिवाशांनी २०१६ साली फुलांच्या आणि माशांच्या चित्रांच्या पायऱ्यांवर रंग फासून त्या पुसून टाकल्या, आणि मला त्यांचा राग येत नाही. गामचॉनमध्येही हळू बोला, घरांत डोकावू नका, अशा पाट्या आहेत. आपण सकाळी लवकर जाऊ, हळू बोलू, आणि वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो बाबा काढणार नाहीत.

तुमच्या सोयीची काळजी करू नका. माझ्या घरी दोघांसाठी पलंग आहे, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली आहे, आणि वरणभात, पोळी घरीच होईल. बाबांनी इथले हॉतोक, म्हणजे बियांचे सारण भरलेली तव्यावरची गोड पोळी, चाखायचे झाल्यास अर्धेच खायचे, उरलेले मी खाईन. विमानतळावर चाकाची खुर्ची सांगून ठेवली आहे; "मी काय आजारी आहे का" असे न म्हणता बाबांनी तीत बसायचे, कारण तिथले अंतर खरोखरच फार आहे आणि तुमचे पाय मला गामचॉनसाठी राखून ठेवायचे आहेत.

आई, रक्तदाबाच्या गोळ्या सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत ठेव आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घे. बाबांना नवे बूट आत्ताच घेऊन रोज वापरायला लाव, नाहीतर ते आयत्या वेळी जुन्या चपला घालून निघतील. बाबा, गुडघ्याचे व्यायाम रोज करा, आईला विचारून मी खात्री करणारच आहे. व्हिसासाठी लागणाऱ्या कागदांची यादी दादाकडे पाठवली आहे, ती या आठवड्यात पूर्ण करा आणि बँकेचे विवरण शिक्का मारूनच घ्या.

तुमची,
मनू