खोलगट उताराच्या मॉडेलखालचा तक्ता चुकतो

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली की नाशिकच्या शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनाची धावपळ सुरू होते. एखाद्या टेबलावर एक मॉडेल हमखास दिसते: एक सरळ उतार, शेजारी खोलगट उतार, दोन्हींवरून एकदम सोडलेल्या गोट्या. खोलगट वाटेवरची गोटी आधी पोहोचते. मॉडेल झकास, खालचा तक्ता मात्र बऱ्याचदा घोळ घालतो. ‘वक्र मार्गावर गुरुत्वाकर्षण जास्त असते’ किंवा ‘वक्र मार्ग जवळचा पडतो’. दोन्ही खोटे.

उंची ४० सेंमी आणि आडवे अंतर ६२.८ सेंमी धरा. सरळ वाट ७४.५ सेंमी भरते. सायक्लॉइडची, म्हणजे घरंगळत्या चाकाच्या कडेवरचा बिंदू काढतो त्या आकाराची वाट भरते ८० सेंमी. घर्षण आणि गोटीचे फिरणे सोडले तर सरळ वाटेला ०.५३२ सेकंद लागतात, लांबच्या वाटेला ०.४४९. तळाशी वेग दोन्हीकडे तोच, सेकंदाला २.८ मीटर. फरक आहे तो वेग केव्हा हाती येतो यात. सरळ उतारावर गुरुत्वाकर्षणाचा जेमतेम ५४ टक्के जोर वाटेच्या दिशेने लागतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच. खोलगट वाट सुरुवातीला जवळजवळ उभी असते, तिथे गोटी वेग घेते आणि उरलेली सपाट वाट त्याच वेगावर कापते. वक्र म्हटले की जलद, असेही नाही. पोट वर काढलेली वाट सरळ वाटेलाही हरते. तशी तिसरी वाट मॉडेलला जरूर जोडावी.

आकार अंदाजाने कापू नये. वरच्या टोकापासून आडवे ३.६ सेंमी गेल्यावर खाली १०, मग ११.४ ला २०, २४.६ ला ३०, ४२.४ ला ३७.३ आणि ६२.८ ला ४०, असे बिंदू प्लायवर टाकून जोडावेत. नाहीतर ४० सेंमी व्यासाची चकती पट्टीच्या कडेने घरंगळवावी, कडेला पेन्सिल बांधून. चकती घसरली की आकार बिघडतो, म्हणून कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवावी. निघालेली कमान उलटी करून तिचा निम्मा भाग घेतला की झाला उतार.

वायरिंगची केसिंग पट्टी वाकवून वाट करतात, ती वरच्या दीड-दोन सेंमीत फुगते किंवा तुटते, कारण वक्रता तिथेच सर्वांत तीव्र असते. त्यापेक्षा प्रत्येक वाटेसाठी प्लायचे दोन सारखे तुकडे मध्ये ८ मिमी फट ठेवून जोडावेत आणि १६ मिमीचा पोलादी छर्रा त्या फटीवरून सोडावा. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहती असलेल्या गावात बेअरिंगचा छर्रा मिळणे अवघड नाही. सगळ्या वाटांची फट मात्र तंतोतंत एक हवी. एकीकडे ती ११ मिमी झाली तर छर्रा खोल बसतो, त्याच अंतराला जास्त फिरतो आणि सुमारे ७ टक्के उशिरा पोहोचतो. शर्यतीतला मूळ फरकच १९ टक्क्यांच्या आसपास आहे. छर्रे अडवणारी पट्टी वर ओढू नये. ती छर्‍याला घासून उलटी फिरकी देते. उताराच्या दिशेने झटकन पुढे काढावी.

आता परीक्षकांसाठी. ‘ही सर्वांत जलद वाट आहे’ असे तक्त्यावर असेल तर ते सिद्ध कसे केले, हे विचारावे. गॅलिलिओने १६३८ मध्ये वर्तुळाचा कंस सर्वांत जलद ठरवला होता. स्विस गणिती योहान बर्नुली यांनी १६९६ मध्ये हाच प्रश्न युरोपातल्या गणितींपुढे टाकला, तेव्हा उत्तर सायक्लॉइड निघाले. न्यूटन यांचे उत्तर १६९७ मध्ये निनावी छापले गेले. आपल्या मापांत ६९.३ सेंमी त्रिज्येच्या कंसाला ०.४५४ सेकंद लागतात. गॅलिलिओची चूक पाच मिलिसेकंदांची! मोबाइलच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्येही ती एक-दोन फ्रेम, म्हणजे पट्टी काढणाऱ्या हाताच्या चुकीत बुडून जाणारी. सरळ वाटेशी फरक वीसहून जास्त फ्रेमचा, तो कुणालाही दिसतो.

कंस आणि सायक्लॉइड वेगळे ओळखायचे तर शर्यत नको, दुसरी चाचणी आहे. एकाच आकाराच्या दोन वाटा शेजारी ठेवून एक छर्रा टोकावरून आणि दुसरा तळापासून ४ सेंमी उंचीवरून एकदम सोडावा. सायक्लॉइडवर दोघे तळाशी जवळजवळ बरोबर येतात. हा गुण डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी १६५९ मध्ये शोधला. कंसावर टोकावरचा छर्रा नऊ-दहा फ्रेम मागे राहतो. तळाशी पत्र्याची आडवी पट्टी लावली तर मोबाइलही लागत नाही: सायक्लॉइडवर एकच ‘ठक’ ऐकू येते, कंसावर दोन.

– भौतिकशास्त्राचे काही शिक्षक, नाशिक