साडेआठचा फोन

पुणे, २८ डिसेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. कालच आपण बोललो. तिनं विचारलं, "जेवलीस का?" मी म्हटलं, "हो." मी विचारलं, "बाबांची गोळी?" ती म्हणाली, "घेतली." मग सगळं ठीक आहे असं तिघांनीही एकमेकांना सांगितलं आणि फोन ठेवला. वर्षभर रोज रात्री साडेआठला आपण एवढंच बोलत आलो. त्यातलं बरंचसं खरं नव्हतं. तुमच्याकडूनही नव्हतं आणि माझ्याकडूनही. फोनवर ते मला सांगता येत नाही, आईचा आवाज जरा हलला की मी विषय बदलते. म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा. आईला मधे उठू देऊ नका.

आधी माझं सांगते.

२८ मार्चला, शुक्रवारी, माझी नोकरी गेली. बारा वर्षं काम केलं होतं तिथं. सकाळी वीस मिनिटांची मीटिंग झाली आणि संध्याकाळी लॅपटॉप जमा केला. हिंजवडीहून घरी येताना नेहमीसारखीच गर्दी होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला घरी लवकर पोचायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पाडवा. गुढी उतरवताना तुमचा फोन आला आणि बाबा, तुम्ही विचारलंत, "यंदा पगारवाढ झाली का गं?" मी म्हटलं, "झाली." तो एक शब्द अजून माझ्या घशात अडकलेला आहे.

१ जुलैला नवीन नोकरी लागली. पगार पहिल्यापेक्षा कमी आहे, माणसं बरी आहेत, आता नीट चाललंय, त्याची काळजी नको. पण मधले तीन महिने मी रोज साडेआठला गच्चीवर जाऊन तुमच्याशी बोलत होते, म्हणजे रस्त्याचा आवाज यावा आणि "आत्ताच ऑफिसातून आले" हे खरं वाटावं. घराचा हप्ता तुमच्या जावयांच्या पगारातून गेला. पोरीच्या शाळेची फी भरायला मी एफडी मोडली. बाबा, लग्नाच्या वेळी तुम्ही माझ्या नावावर ठेवली होती, तीच. "अगदीच अडलं तरच हात लाव" म्हणाला होतात. अगदीच अडलं होतं.

त्या दिवसांत मला सांभाळलं ते खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीनं. ती रोज अकरा वाजता चहा ठेवायची आणि दार उघडं ठेवायची. मी जायचे, चहा प्यायचे. नोकरीबद्दल तिनं एकदाही विचारलं नाही. कधी मी नुसती मेथी निवडत बसायचे, तिची आणि माझी, दोघींची. जानेवारीत आले की तिच्यासाठी भडंग न्यायचंय. आई, लसूण जास्त घालून कर.

आता तुमचं.

२६ ऑगस्टला, गणपतीच्या आदल्या दिवशी, मखर काढायला मी माळ्यावर चढले. पितळी समयांच्या मागे एक मोठं पाकीट होतं. एक्स-रे. उजवं मनगट, बाबांचं नाव, तारीख २९ मे. मी तिथंच बसले. शेजारी बाबांची नदीची वही होती, ती उघडली.

त्या वहीचं मला किती कौतुक आहे, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात तीस वर्षं हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून लिहिलेलं ते अक्षर, एका ओळीत बसणारं. तारीख, आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी फूट-इंचांत, कोयना धरणातून किती सोडलं, वारणेतून किती. एरवी ती वही मृगाला सुरू होते. यंदा मे महिन्यातच पाऊस लागला, म्हणून २१ मेपासूनच नोंदी होत्या. २८ मेपर्यंत तुमचं अक्षर. २९ मेपासून आईचं.

आई, तुझा पाच मी कुठंही ओळखते, तो सहासारखा दिसतो. ११ जुलैपर्यंत सगळं तू लिहिलं आहेस. पातळी लिहिली आहेस, आणि समासात बारीक अक्षरात बाकीचं. "रात्री झोप नाही." "आज डाव्या हातानं भात खाल्ला, सांडला नाही." "सूज उतरली." "दाढी मी केली, जरा कापलं." "बोटं हलतात." एका ठिकाणी पातळी लिहिलीच नाहीस, फक्त "आज मीच रडले" एवढंच आहे. १२ जुलैपासून पुन्हा बाबांचं अक्षर, वाकडं, ओळ सोडून खाली गेलेलं.

तू खालून ओरडलीस, "सापडलं का गं?" मी म्हटलं, "सापडलं."

खाली आले. तू सारणात वेलदोड्याची पूड घालत होतीस. मी मखर पुसलं, आरास केली, दीड दिवस आरत्या म्हटल्या आणि तुम्हाला काही विचारलं नाही. जिन्याच्या चौथ्या पायरीवर ओल येते, पहिल्या पावसात तिथं सगळेच घसरतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. बाबा कुठं पडले असतील, ते कुणी सांगायची गरज नव्हती.

मग मला आठवलं, जूनभर तुमचा व्हिडिओ लागत नव्हता. "नेट चालत नाही." आषाढीला येते म्हटलं तर "येऊ नकोस, पाऊस फार आहे, गाड्यांचं खरं नाही." मी ऐकलं, कारण तेव्हा मलाही यायचं नव्हतं. समोर आले असते तर आईनं माझा चेहरा बघून ओळखलं असतं.

हे मी रोज मनात मोजते. २९ मे ते ३० जून मी पुण्यात घरी बसून होते. ना ऑफिस, ना काम. तुमच्याकडे प्लॅस्टर होतं, आईला एकटीला बाबांना आंघोळ घालावी लागत होती, आणि मी इथं दुपारी पंख्याकडे बघत पडलेली असायचे. मी येऊन महिनाभर राहू शकले असते. शर्टाची बटणं लावली असती, नोंदी मी लिहिल्या असत्या. आईला दुपारी तासभर पडता आलं असतं. मलाही तुमच्याजवळ राहता आलं असतं, आणि त्या महिन्यात मला त्याचीच गरज होती. तुम्ही मला काळजी नको म्हणून लपवलंत, मी तुम्हाला काळजी नको म्हणून लपवलं, आणि सहा-सात तासांच्या अंतरावर आपण तिघं वेगवेगळे बसून राहिलो. याचा मला राग आहे. तुमचा आहे तसा माझाही आहे. सप्टेंबरात मी आईवर दोनदा फोनवर उगाच चिडले, ते यातूनच. आई, माफ कर.

माझी शाळेतली मैत्रीण, मिरजेला नर्स आहे ती, तिनंच बाबांना एक्स-रेला नेलं, हे मला दिवाळीत कळलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः फोन करून सांगितलं आणि रडायला लागली. "काकांनी शपथ घातली होती." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग विचार केला, ती होती म्हणून बाबांना रांगेत दोन तास उभं राहावं लागलं नाही. ती होती म्हणून आईला रिक्षात एकटीनं त्यांना धरून बसावं लागलं नाही. मी नव्हते, ती होती. तिला फोन केला, मग आम्ही दोघी रडलो. बाबा, तिला त्या शपथेतून मोकळं करा. ते तुम्हीच करायला हवं.

आणि २ नोव्हेंबरची रात्र. ती मला या वर्षातली सगळ्यांत आवडती.

महिला विश्वचषकाची फायनल. नवी मुंबईत पाऊस, सामना दोन तास उशिरा सुरू झाला, आणि बाबांनी फोन केला तो ठेवलाच नाही. तुमचा टीव्ही आमच्या मोबाइलच्या पुढे धावत होता. त्यामुळे विकेट पडली की आधी बाबांचा आवाज यायचा आणि मग आम्हाला दिसायचं. माधवनगरची पोरगी, स्मृती, बाद झाली तेव्हा तिकडून "अरेरे" ऐकू आलं आणि इथं ती अजून पट्टीवर उभी होती. तुमची नात म्हणाली, "आजोबांना भविष्य कळतं." २९८ झाले तेव्हा आई म्हणाली, "पुरतील." आफ्रिकेची कर्णधार शतक करून उभी होती आणि तिचा उंच उडालेला झेल आपल्या अमनजोतच्या हातातून एकदा, दोनदा सुटून तिसऱ्यांदा सापडला, तेव्हा बाबा तुम्ही ओरडलात ते मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. जवळजवळ मध्यरात्री ५२ धावांनी जिंकलो. फोनमधून गावभागातले फटाके ऐकू येत होते, कुणीतरी हलगी आणली होती. आई म्हणाली, आपल्या सांगलीची आहे हो ती, जणू आम्हाला माहीतच नव्हतं.

त्या गडबडीत बाबा, तुम्ही म्हणालात, "या मनगटानं टाळीसुद्धा नीट वाजत नाही बघ." आणि लगेच गप्प झालात. आईही गप्प झाली. मला ऐकू आलं होतं. मी म्हटलं, "काय म्हणालात? फटाक्यांत ऐकू नाही आलं." तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन महिने झाले, आज बोलतेय.

बाबा, नदीबद्दल तुम्ही कधीही खोटं बोलला नाहीत. ऑगस्टात कोयनेचे दरवाजे उघडले तेव्हा मी विचारीन तेव्हा तुम्ही पातळी सांगत होतात, इंचासकट. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हाही घाबरवलं नाहीत आणि लपवलंही नाहीत. "चौथ्या पायरीला लागलं, आता आम्ही निघतो," एवढंच सांगितलंत, आणि म्हणून मी वेळेवर गाडी पाठवू शकले. ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुमच्या गुडघ्याचं, साखरेचं, आईच्या चक्करचं मला तसंच सांगा. ४० ला सांगा. मी घाबरणार नाही असं म्हणत नाही, घाबरेन, पण घाबरून गाडीत बसेन.

मीही सांगेन. आजपासून सुरुवात करते. पाठ दुखते, तिचे व्यायाम सुरू केलेत. नवीन ठिकाणी मार्चमध्ये कायम करतील की नाही ते अजून ठरलेलं नाही. पोरगी गणितात मागे पडली आहे, आणि आजोबांनी शिकवलं तर जमेल असं तिचं स्वतःचं म्हणणं आहे. बाकी खरंच ठीक आहे.

१० जानेवारीला, शनिवारी, कोयना एक्स्प्रेसनं येते, संध्याकाळी पोचेन. संक्रांत करून जाईन. त्या मुक्कामात जिन्याला लोखंडी कठडा बसवायचाय, फॅब्रिकेशनवाल्याशी मी बोललेय, मापं घ्यायला तो शुक्रवारी येईल, त्याला परत पाठवू नका. पायरीची ओल वरच्या पन्हाळीतून येते असं मला वाटतं, ते दोघं मिळून बघू. आणि आई, नवी वही घेऊन येते. समास मोठा आहे तिचा. बाबांनी डावीकडे नदी लिहावी, उजवीकडे तू लिहीत जा.

एक्स-रे होता तिथंच ठेवलाय. मी आले की काढू, पुण्यात एकदा दाखवायचाय.

पत्र मिळालं की लगेच फोन करा. साडेआठ वाजायची वाट बघू नका.

तुमची लेक

ता. क. तुमच्या नातीनं खाली काहीतरी लिहिलंय, शुद्धलेखन मी तपासलेलं नाही:
"आजोबा तुमचा हात मोडला होता हे मला आईनी आज सांगीतलं. मला राग आला. मी आले की पलास्टरवर नाव लिहिलं असतं. आजी मोदक."