संस्था काढतोयस ना, मग आधी पोडावर जा

पांढरकवडा, जि. यवतमाळ

प्रिय गड्या,
जय गुरु.

तुझं पत्र मिळालं. गावातल्या सगळ्या वस्त्यांना एका सतरंजीवर आणणारी संस्था काढायचं मनावर घेतलंस, वाचून फार बरं वाटलं. नाव काय ठेवू, उद्घाटनाला कोणाला बोलावू आणि नोंदणी कशी करू, असं तू विचारलंस. त्याच्या आधी एक ठरव, संस्थेत निर्णय कोण घेणार. गावातल्या अशा संस्था पैशावाचून जितक्या बंद पडतात, त्याहून जास्त या एका गोष्टीपायी पडतात. कार्यक्रमाला सगळं गाव असतं आणि कार्यकारिणीत तीच चार घरं. पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा कोलाम, बेड्यावरचा, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरचा पारधी, नवरा गेलेली बाई, कुबडीवर चालणारा पोरगा, यांची नावं लाभार्थ्यांच्या यादीत येतात, पण चेकवर सही करायच्या जागी येत नाहीत. काही दिवसांनी ते यायचंच बंद करतात आणि मग गाव म्हणतं, त्यांनाच काही पडलेली नाही.

बैठकीच्या जागेपासून सुरुवात कर. मारुतीच्या पारावर बसलास तर बौद्धपुऱ्यातली आणि मुसलमानांच्या घरातली माणसं कडेला उभी राहतील. विहारात बसलास तर उरलेलं गाव फिरकणार नाही. जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा सगळ्यांत बरा, तिथे सगळ्यांचीच पोरं शिकतात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दे आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन ठेव, म्हणजे उद्या कोणी कुलूप लावणार नाही. दर तिसरी बैठक मात्र पोडावर, तांड्यावर नाहीतर बेड्यावर झाली पाहिजे. दोन-तीन किलोमीटर चालत यायचं ते दरवेळी त्यांनीच का? तिथे गेल्यावर चहा त्या वस्तीतल्याच घरचा. कोण कप उचलतो आणि कोणाला नेमका त्याच दिवशी उपास आठवतो, ते बघून ठेव, पण चारचौघांत टोकू नकोस. टोकलेला माणूस परत येत नाही. एकट्याला गाठून बोललास तर पुढच्या खेपेला तोच कप हातात घेतो.

खुर्च्यांचंही बघ. चार खुर्च्या मांडल्या की त्या कायम त्याच चार माणसांच्या होतात. म्हाताऱ्यांना, दिव्यांगांना, गरोदर बाईला खुर्ची, बाकी सगळे सतरंजीवर, सरपंच आले तरी. रामराम घालताना जय भीम, जय सेवा, जय सेवालाल, सलाम, ज्याचं जे असेल ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं. बोलायची पाळी पोडापासून सुरू करायची, गावठाण शेवटी. पहिल्यांदा जो बोलतो त्याच्याच विषयावर बैठक जाते, म्हणून हा क्रम मोडू देऊ नकोस. कोलामीत, गोंडीत, बंजाऱ्यांच्या गोरमाटीत बोललेलं मराठीत सांगायला त्याच वस्तीतली दहावी-बारावी झालेली पोरगी असू दे. शेवटी इतिवृत्त मोठ्याने वाचायचं आणि मगच सह्या-अंगठे घ्यायचे. कोऱ्या पानावर आधी सह्या घ्यायची सवय लागली की संस्था गेलीच समज.

वेळ शेतावर ठरते. सोयाबीनच्या सोंगणीपासून कापसाची वेचणी आटपेपर्यंत दिवसा कोणी सापडत नाही. मार्च-एप्रिलात पहाटेच माणसं मोहफुलं वेचायला जातात, पुढे तेंदूपत्ता असतो, आणि उन्हाळ्यात दुपारची बैठक ठेवणं म्हणजे लोकांनी येऊ नये अशीच सोय. रात्रीचे साडेआठ बरे, चुली आणि भांडी झाल्यावर. बायांची बैठक आदल्या दिवशी वेगळी घे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा झाली पाहिजे हे कायद्यातच आहे, तेच संस्थेला लाव. बायांनी ठरवलेला विषय दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत पहिला. घाईने मत मोजू नकोस. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ग्रामसभेत सर्वसहमतीची रीत धरली आणि त्यासाठी अभ्यास गट बसवला. निर्णयाआधी समजून घ्यायला वेगळी बैठक, हे त्यातलं आपल्या कामाचं. बहुमतावर गेलास तर वीस घरांचं पोड दोनशे घरांच्या गावाशी दरवेळी हरणारच.

आता नोंदणी. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली निदान सात सभासद लागतात, आणि आपल्या राज्यात तीच संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदवावी लागते. दोन्हीचं काम जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातच होतं. वकिलाकडे छापील नियमावली तयार असते, ती तशीच उचलू नकोस. तिच्यात चार कलमं आपली घाल. एका घरातले दोघे कार्यकारिणीत नकोत. एका वस्तीतले एक तृतीयांशाहून जास्त नकोत. निदान तीन वस्त्यांची माणसं हजर असल्याशिवाय गणपूर्ती, म्हणजे कोरम धरायचा नाही. बँकेच्या तीन सह्यांपैकी दोन लागतील आणि त्या तिघांत एक बाई आणि एक पोड-तांडा-बेड्यावरचा माणूस असेल. ही कलमं भाषणात नाही, नियमावलीत लागतात. पुढे भांडण झालं की वकील नियमावलीच उघडतो.

कार्यकारिणीत कोणी बदलला, वारला, राजीनामा दिला की ९० दिवसांत बदल अर्ज म्हणजे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. जुन्या संस्था अडकतात त्या इथेच. अर्ज राहून जातो, पुढची निवडणूकही तशीच होते, मग दोन गट आपापली कार्यकारिणी घेऊन उभे राहतात आणि बँक खातं थांबवते. वर्षाचं लेखापरीक्षण चुकवू नकोस. आयकर सवलतीची नोंदणी, संस्थांच्या सरकारी 'दर्पण' पोर्टलवरची नोंद, कंपन्यांच्या पैशासाठी लागणारा सीएसआर-१ फॉर्म, हे सगळं पुढचं. पहिलं वर्ष गावातल्या वर्गणीवर काढ. कापूस-तूर विकल्यावर लोकांच्या हातात पैसा असतो, तेव्हा पावती फाड, आणि जमाखर्च दर महिन्याला बैठकीत वाच. स्वतःच्या खात्यात संस्थेचा एक रुपयाही घेऊ नकोस.

आणि पहिलं काम भाषणाचं धरू नकोस, कागदांचं धर. दारोदार जाऊन एक रजिस्टर कर. रेशनकार्ड, आधार, जन्माची नोंद, जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, यातलं कोणाकडे काय नाही. बायांशी बायांनीच बोलावं. आजार किंवा कोणाची लैंगिक ओळख या रजिस्टरात लिहायची नाही, ते त्या माणसानं आपणहून सांगितलं तरी नाही. वही कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

जातीच्या दाखल्याला पुरावा कोणत्या तारखेआधीचा लागतो, हे पाठ असू दे. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधी आजा-पणजा जिथे राहत होता तिथली नोंद शोधायची, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नक्कल, जुना शाळेचा दाखला, जमिनीचा कागद. फासेपारध्यांची अडचण सगळ्यांत जास्त. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी त्यांच्यावर शिक्का मारला, त्यातला शेवटचा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण एका गावात ठरून राहणंच ज्यांना मिळालं नाही त्यांच्या नोंदी कुठून असणार? तिथे गृहचौकशीची, म्हणजे घरी येऊन चौकशी करण्याची मागणी लेखी कर आणि अर्जाची पोच घे. दुसरी मेख शाळेत आहे. पहिलीत नाव घालताना दाखल-खारीज रजिस्टरात जात आणि आडनाव जसं लिहिलं जातं, तसंच पुढे जात पडताळणीपर्यंत जातं. एका भावाच्या दाखल्यावर 'पारधी', दुसऱ्याच्या 'फासेपारधी' आणि बापाच्या कागदावर तिसरंच काही, एवढ्यावर प्रकरण वर्षानुवर्षं अडतं. म्हणून जूनमध्ये शाळा उघडते त्या आठवड्यात तुझी दोन माणसं शाळेत बसलेली पाहिजेत.

दिव्यांग प्रमाणपत्राला २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, आधी सातच होते. सिकलसेल आणि थॅलेसेमियाही त्यात आले, आणि सिकलसेल तर आपल्याकडे घरोघर ओळखीचा. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी रुग्णालयात. लोक कुठे फसतात सांगतो. तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड ठरलेल्या वारीच बसतं, आणि माणसाला जीपमध्ये घालून साठ किलोमीटर नेल्यावर कळतं की आज डोळ्यांचे डॉक्टर नाहीत. म्हणून आदल्या दिवशी फोन. अर्जावर सेतूवाल्याचा मोबाइल नंबर टाकलेला असतो, मग तारखेचा निरोप त्यालाच जातो. घरचा नाहीतर संस्थेचा नंबर टाका. बऱ्याच योजनांना ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे, आधीच कोणाला आशा लावू नका.

ग्रामपंचायतीकडे मागायचा पैसा आहे, तो बरेच जण मागतच नाहीत. स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी ठेवायचे असतात. चार लाख उत्पन्न असेल तर वीस हजार, साठ हजार आणि चाळीस हजार. मार्च तोंडावर आला की कोणाला न विचारता काहीतरी खरेदी होते. तू दिवाळीआधीच किती जमा, किती खर्च हे लेखी विचार आणि ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लाव.

त्याच पैशातून ग्रामपंचायतीला, शाळेला उतार होऊ शकतो, पण गवंड्याच्या भरवशावर सोडू नकोस. जोतं दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फूट लांब लागतो, एकास बारा. बहुतेक ठिकाणी जागा नाही म्हणून सहा-सात फुटांत उरकतात. त्यावरून चाकाची खुर्ची एकट्यानं वर चढत नाही, आणि उतरताना माणूस तोंडावर पडतो. जागा नसेल तर उतार वळवून घे, मध्ये सपाट जागा ठेव. रुंदी चार फूट. दारापुढे पाच फूट सपाट, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे सरकते. वरून घोटीव सिमेंट नको, फरशी तर नकोच, पावसाळ्यात दोन्ही घसरतात. ओल्या सिमेंटवर खराट्यानं आडव्या रेघा ओढून घे. दोन्ही बाजूंनी कठडा. आणि बांधून झाल्यावर चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाने स्वतः चढून 'जमलं' म्हटल्याशिवाय बिलावर सही होऊ देऊ नकोस.

सहभोजनाचं म्हणालास. घाल, पण वर्षभरानं. भाड्याचा आचारी आणून पंगत घातली की सगळे जेवतात आणि काहीच बदलत नाही. स्वयंपाक गावानंच करायचा. शंभर माणसांना आठ किलो तांदूळ, चार किलो तुरीची डाळ, बारा किलो कणीक, आलू-वांगी मिळून पंधरा-सोळा किलो. कणीक मळणं, वरण, भाजी, पाणी वाढणं, या चारही कामांत सगळ्या वस्त्यांच्या बाया आणि बाप्ये मिसळलेले हवेत. पाण्यावर कोण आहे, याकडे विशेष लक्ष दे. काही जण डबा भरून घरी नेतील, काही पोरांना पाठवतील आणि स्वतः येणार नाहीत. पहिल्या वर्षी चालेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकल बायांना बोलावतानाही तसंच, वेगळा 'सन्मान' करून त्यांना पुढे उभं करू नकोस. सगळ्यांना तेच वाण, त्याच रांगेत, आणि कुंकू लावून घ्यायचं की नाही हे ज्या त्या बाईनं ठरवायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तसा आपल्या ग्रामसभेतही मांडता येईल, पण आधी बायांच्या बैठकीत.

एक गोष्ट फार कळकळीनं सांगतो. जातीवरून मारहाण झाली, शिवीगाळ झाली, तर संस्थेनं पंच म्हणून कधी बसू नये. गाव तुलाच म्हणेल, तुमचं सगळ्यांशी बरं आहे, आपसात मिटवा. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जायचं, तक्रार वाचून घ्यायची, प्रत मागायची, एवढंच आपलं काम. जातपंचायतीनं किंवा गावकीनं कोणाला वाळीत टाकलं, तर ३ जुलै २०१७ पासून लागू असलेला सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. याने काही माणसं तुझ्यावर नाराज होतील, वर्गणी कमी होईल. होऊ दे. पण बेड्यावरच्या माणसाचा विश्वास एकदा गेला तर तो वर्गणीनं परत येत नाही.

डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं जातीची नावं असलेल्या वस्त्यांची नावं बदलता येतात. ते काम हाती घेणार असशील तर नवं नाव त्या वस्तीलाच सुचवू दे.

नियमावलीचा मसुदा टंकलेखनाला देण्याआधी मला पाठव. वर लिहिलेली चार कलमं त्यात आहेत का, ते आधी बघेन. आणि सात सभासदांची नावं कळव, वस्तीसकट. वहिनींना नमस्कार, आईच्या पायांना हात लावतो म्हणून सांग.

तुझा,
दोस्त